घरच्यांसाठी पाँटून बोट: १६ फुटी, २० फुटी की २४ फुटी?

पाँटून बोट विकत घ्यायची असो की दिवसभरासाठी भाड्याने ठरवायची असो, घरातला पहिला प्रश्न ठरलेला असतो: माणसं किती बसतील? समोरचाही लगेच आकडा सांगून मोकळा होतो. पण गाद्यांवर किती जण मावतात आणि पाणी किती वजन पेलतं, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून आधी वजनाचा हिशेब करा, मग बोट कुठल्या पाण्यात चालवणार ते ठरवा, त्यानंतर ती ठेवायची कुठे आणि न्यायची कशी ते बघा. गाद्यांचा रंग आणि स्पीकर सगळ्यात शेवटी.

पाँटून बोट म्हणजे पाण्यावरची सपाट ओसरीच. खाली ॲल्युमिनियमच्या दोन लांब बंद ट्यूब, त्यांवर आडवे चॅनल, चॅनलवर सुमारे १८ मिलिमीटर जाडीचा मरीन प्लायवूडचा डेक, चहूबाजूंनी रेलिंग आणि मागे आउटबोर्ड इंजिन. मोठ्या बोटींना मध्ये तिसरी ट्यूब असते. घरच्या माणसांसाठी ही बोट सोयीची पडते ती सपाट डेकमुळे. आजी-आजोबांना आधार न घेता चालता येतं, मुलं रेलिंगच्या आत राहतात, सतरंजी पसरून डबे उघडता येतात. साध्या होडीत एक माणूस उभा राहिला की ती डुलते, तसं इथे होत नाही. मात्र या स्थिरपणाला मर्यादा आहे आणि ती मर्यादा बोटीच्या आकारावर ठरते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. प्लास्टिकच्या पिंपांवर लोखंडी सांगाडा आणि फळ्या ठोकून केलेला तराफा म्हणजे पाँटून बोट नव्हे. २०० लिटरचं पिंप पूर्ण बुडालं तर जेमतेम १९० किलो उचल देतं. उन्हाने त्याचे पट्टे कडक होऊन तुटतात, आणि एका पिंपाचं बूच सैल झालं की तो कोपरा हळूहळू खाली जातो. अशा तराफ्यावर घरच्यांना घेऊन खोल पाण्यात जाऊ नये.

वजनाचा हिशेब

ट्यूबची उचल मोजायला एक दोरी आणि एक टेप पुरे. ट्यूबभोवती दोरी गुंडाळा, लांबी मोजा, ३.१४ ने भागा, की व्यास मिळतो. २४ इंची ट्यूबचा घेर सुमारे १९२ सेंटिमीटर भरतो, म्हणजे व्यास ६१ सेंटिमीटर. आता त्रिज्येचा वर्ग गुणिले ३.१४ गुणिले लांबी, सगळं मीटरमध्ये. जे घनमीटर येतील त्याला १,००० ने गुणलं की किलोमधली उचल मिळते. ट्यूबचं पुढचं टोक निमुळतं असतं, म्हणून लांबीतून अर्धा ते पाऊण मीटर वजा धरा.

२० फुटी बोटीला २४ इंची दोन ट्यूब असतील तर कामाची लांबी साडेपाच मीटर धरू. एका ट्यूबची उचल सुमारे १,६०० किलो, दोन्हींची ३,२००. पण ही उचल ट्यूब पूर्ण बुडाल्यावरची. नियम असा, की माणसं, सामान, पेट्रोल सगळं चढवल्यावरही ट्यूब निम्म्याच्या आसपासच बुडलेली असावी. याचं कारण ट्यूबच्या गोलाईत आहे. गोल ट्यूब मध्यावर सगळ्यात रुंद असते. तिथपर्यंत वजन वाढेल तशी बोट बेताबेताने खाली जाते. मध्याच्या वर पाणी चढलं की ट्यूब अरुंद होत जाते, आणि तेवढंच वजन तिला जास्त खाली ढकलतं. शिवाय डेकखालचे आडवे चॅनल पाण्याच्या जवळ येतात, प्रत्येक लाट त्यांवर आपटते, बोट हिसके खाते आणि पेट्रोल जास्त पिते.

तेव्हा या २० फुटी बोटीला वापरायला मिळते ती १,६०० किलोची उचल. त्यातून बोटीचं स्वतःचं वजन ८५० किलो, ६० हॉर्सपॉवरचं इंजिन ११५ किलो, बॅटरी आणि ५० लिटर पेट्रोल मिळून ७० किलो, असे १,०३५ किलो गेले. उरले ५६५. माणशी सामानासकट ८० किलो धरले तर सात माणसं. त्याच बोटीवर गाद्या मात्र दहा जणांच्या असतात. आठवा माणूस चढला म्हणून बोट बुडत नाही, पण पाणी निम्म्याच्या रेषेवर जायला लागतं हे लक्षात ठेवावं.

आता खरी अडचण. हीच बोट बारा जणांना घेऊन निघाली. एकूण वजन १,९९५ किलो झालं, म्हणजे प्रत्येक ट्यूबवर जवळपास १,०००. सगळे निवांत बसले आहेत तोवर ट्यूब ६२ टक्के बुडालेल्या, चालून जाईल असं वाटतं. मग कोणीतरी ओरडतं, "तो बघा गरुड!" आणि बाराही जण एका बाजूच्या रेलिंगपाशी जातात. दोन ट्यूबमधलं अंतर १.८ मीटर आणि सामान सोडून नुसतं माणसांचं ८४० किलो वजन मध्यापासून एक मीटर सरकलं, म्हणजे एका ट्यूबवरून सुमारे ४६० किलो उचलले जाऊन दुसरीवर गेले. त्या बाजूची ट्यूब आता १,४५० किलोच्या पुढे पेलते आहे आणि तिची ताकद आहे १,६००. ती नव्वद टक्क्यांच्या वर बुडाली, डेकची कड पाण्याला टेकायला आली. अशा वेळी मागून दुसऱ्या बोटीची लाट आली तर पाणी थेट डेकवर. आठ माणसांनी हेच केलं तर भार ७१ टक्क्यांवर थांबतो. सगळे फोटोसाठी एका बाजूला आले तरी हाताशी राखीव उचल उरते, ती इथेच.

पुढच्या बाजूलाही हेच लागू पडतं. सगळे पुढे जाऊन उभे असताना चालवणाऱ्याने एकदम वेग तोडला, की बोटीची स्वतःचीच लाट मागून येते, नाक खाली जातं आणि डेकवर पाणी घुसतं. वेग नेहमी सावकाश कमी करावा, आणि त्याआधी माणसांना मधोमध बसवावं.

यावरून एक शहाणपणाची गोष्ट निघते: नुसती लांबी विचारू नका, ट्यूबचा व्यास विचारा. त्याच २० फुटी बोटीला २४ ऐवजी २५ इंची ट्यूब असेल तर निम्म्या बुडीत हिशेबाने जवळपास १४० किलो उचल जास्त मिळते. ट्यूब आणि सांगाड्याचं वाढलेलं थोडं वजन वजा केलं तरी एक-दीड माणूस वाढतो. उलट २५ इंची ट्यूबची बोट २० वरून २२ फुटांवर नेली आणि जोडीला ९० हॉर्सपॉवरचं जड इंजिन लावलं, तर लांबीने दिलेली बरीचशी उचल वाढलेला डेक, गाद्या आणि इंजिनच खाऊन टाकतात. जागा ऐसपैस होते, माणसं मात्र तेवढीच राहतात. कागदावर मोठी दिसणारी बोट नेहमी जास्त पेलतेच असं नाही, ते असं.

कुठला आकार कुणाला

१६ फुटी बोट, २३ इंची ट्यूब, ४० हॉर्सपॉवरचं इंजिन. वरच्याच पद्धतीने हिशेब केला तर पाच माणसांपेक्षा कमीच भरतात. आई-वडील आणि दोन मुलं, एवढ्या घराला ही छान. शांत पाण्यात, काठाकाठाने, सकाळच्या वेळी. छत लहान असतं, त्यामुळे मार्चनंतर दुपारी उन्हात अर्धा डेक निरुपयोगी होतो. हिचा मोठा गुण म्हणजे एकटा माणूस हिला सांभाळू शकतो: काठाला लावणं, दोर बांधणं, वाऱ्यात हाताने धरून ठेवणं.

१८ फुटी बोट, २४ इंची ट्यूब, ५० ते ६० हॉर्सपॉवर. सहा माणसं. आमच्या मते पुण्याच्या आसपासच्या धरणांवर एका कुटुंबासाठी हा आकार सगळ्यात जास्त वेळा बरोबर ठरतो.

२० ते २२ फुटी, शक्यतो २५ इंची ट्यूब. आठ माणसं, म्हणजे दोन भावांची कुटुंबं किंवा आजी-आजोबा, काका-काकू आणि मुलं. इथे मधोमध घडीचं टेबल मांडता येतं, आडवं व्हायला जागा मिळते, आणि लहान बाळ असेल तर कपडे बदलायला एक कोपरा पडद्याने झाकता येतो. ज्यांच्या घरात चालताना काठी लागणारं किंवा व्हीलचेअर वापरणारं माणूस आहे त्यांनी याहून लहान बोट घेऊ नये. कारण जागेचं नाही, दाराचं आहे. लहान बोटींचं बाजूचं दार ६० सेंटिमीटरच्या आसपास असू शकतं, आणि व्हीलचेअरला किमान ८० सेंटिमीटर मोकळं दार आणि वळवायला दीड मीटरचा चौरस लागतो. टेप घेऊन मोजून बघा, तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

२४ फूट आणि त्यापुढे, तीन ट्यूब. २५ इंची तीन ट्यूब असतील तर १५० हॉर्सपॉवरचं इंजिन आणि बोटीचं वजन वगळून १,४०० किलोपर्यंत पेलतात, म्हणजे बारा-चौदा माणसं निर्धास्त. पण इंजिनासकट पावणेदोन टनांचं हे धूड घरगुती नाही. रिसॉर्ट, कृषी पर्यटन केंद्र किंवा पाच-सहा कुटुंबांनी मिळून घेतलेली सामायिक बोट, असं असेल तरच ती परवडते. तिसऱ्या ट्यूबबद्दल एक गैरसमज आहे, की तिने बोट कलत नाही. मधली ट्यूब बोटीच्या मध्यरेषेवरच असते, त्यामुळे कलण्याला विरोध करण्यात तिचा वाटा कमी. ती मुख्यतः भार पेलते आणि वेगात वळताना बोट धरून ठेवते.

वर्षातून दोनदा येणाऱ्या पाहुण्यांसाठी मोठी बोट घेऊ नका. नेहमीच्या रविवारी जितकी माणसं निघतात तितक्यांची बोट घ्या. पाहुणे आले तर दोन फेऱ्या करा.

पाणी कुठलं

पानशेत आणि वरसगाव ही दोन धरणं शेजारशेजारच्या खोऱ्यांत आहेत, आंबी आणि मोसी नद्यांवर. दोन्ही जलाशय लांब आणि अरुंद, काठ चढाचे, पाणी खोल. इथे १८ फुटी बोट पुरते, कारण कुठूनही काठ जवळ असतो. अडचण येते नांगराची. चिखलात नांगर धरायचा तर दोर खोलीच्या पाचपट तरी सोडावा लागतो, वारा असेल तर सातपट. १० मीटर खोलीला ५० ते ७० मीटर दोर झाला. मधोमध खोली याच्या कितीतरी पट असते, तिथे नांगर टाकून काही उपयोग नाही. जेवायला थांबायचं तर आडोशाच्या खोबणीत, पाच-सहा मीटर पाण्यात थांबावं. या आकाराला ५ किलोचा पात्यांचा नांगर आणि त्याला २ मीटर साखळी जोडलेली असावी. साखळी नसली की नांगराची दांडी वर उचलली जाते आणि पाती चिखलात रुतत नाहीत.

पवना आणि मुळशीला पाणी जास्त मोकळं. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा खोऱ्यातून सरळ घुसतो आणि तीन-चार किलोमीटर मोकळ्या पाण्यावरून आला की वीतभर ते फूटभर लाट उठवतो. पाँटून बोटीचं रेलिंग आणि छत मिळून चांगलं मोठं शीड होतं. २० फुटी बोटीची नुसती रेलिंगची बाजूच पाच-साडेपाच चौरस मीटर भरते. म्हणून वाऱ्यात बोट चालवणं कठीण नसतं, काठाला लावणं कठीण असतं. छत आधीच घडी करा, वाऱ्याच्या तोंडाने सावकाश या, आणि दोन माणसं पुढे-मागे दोर घेऊन तयार ठेवा. २४ फुटी बोटीला ही दोन माणसं अंगाने दणकट हवीत. इथे बोट जितकी मोठी तितका वाऱ्याचा जाच जास्त, हे मोठ्या बोटीच्या सुखात धरलेलं नसतं.

एप्रिल-मे महिन्यांत वळवाचे ढग दुपारी तीन-चारच्या सुमाराला जमतात. पहिला गार झोत अंगावर आला की वादळ दाराशी आलेलं असतं. ढग काळे व्हायला लागले की काठ गाठायचा, आणि विजा चमकत असताना पाण्यावर अजिबात थांबायचं नाही. सकाळी सातला निघून अकरा-साडेअकराला परत, हा उन्हाळ्यातला योग्य बेत.

उजनीचा भिगवणकडचा भाग या सगळ्यांहून वेगळा. पाणी पसरट आणि उथळ, वाऱ्याला अडवणारे डोंगर नाहीत. नोव्हेंबर ते मार्च रोहित पक्षी बघायला लोक जातात ते याच उथळ पाण्यात. निम्मी बुडालेली ट्यूब ३० सेंटिमीटर पाणी घेते, पण इंजिनाचा पंखा ६० ते ७० सेंटिमीटर खाली असतो. त्यामुळे किमान १ मीटर पाणी हवं. लहान बोट, वर उचलता येणारं इंजिन आणि फूट-फुटावर खुणा केलेला बांबू, ही इथली हत्यारं. बांबू टोचत टोचत जायचं आणि पक्ष्यांपासून लांबच इंजिन बंद करायचं.

पाणी ओसरलं की जुने बांध, विहिरी, झाडांचे बुंधे वरच्या थराला येतात. उजनीत पळसदेवचं जुनं मंदिर पाणी कमी झाल्यावर उघडं पडतं, ते सगळ्यांना माहीत आहे. तशीच कितीतरी न दिसणारी बांधकामं प्रत्येक जलाशयात हातभर पाण्याखाली असतात. गावातल्या कोळ्यांना आणि होडीवाल्यांना विचारल्याशिवाय मार्च ते जून या काळात अनोळखी काठाजवळ जाऊ नये. ॲल्युमिनियमची ट्यूब २ ते ३ मिलिमीटर जाड असते. चिखलावर घासली तर काही होत नाही, दगडाच्या धारेवर चढली की चिरते.

इंजिन

ही धरणं समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर आहेत. हवा विरळ असल्याने साध्या आउटबोर्ड इंजिनाची ताकद पाच-सहा टक्क्यांनी कमी होते. ६० चं इंजिन इथे ५६-५७ चं समजा. कागदावर सांगितलेल्या सर्वांत कमी ताकदीचं इंजिन म्हणूनच घेऊ नये. बोट अडेल आणि इंजिन सतत पूर्ण वेगात रेटावं लागेल. पाँटूनला वेगासाठीचा पंखा नको, कमी पिचचा (एका फेरीत कमी अंतर कापणारा) हवा, म्हणजे जड बोट सुरुवातीलाच जोरात ओढली जाते. बहुतेक पाँटूनना २० इंची लांब शाफ्टचं इंजिन लागतं. १५ इंची स्वस्तात मिळालं म्हणून बसवलं तर पंखा वर राहतो, हवा ओढतो, इंजिन घुरघुरतं आणि बोट हलत नाही.

पेट्रोलचा अंदाज असा: ६० हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक इंजिन पूर्ण वेगात तासाला सुमारे २० लिटर पितं, सावकाश फिरताना पाच-सहा लिटर. टाकीचे तीन भाग करा: एक जायला, एक यायला, एक राखीव. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये हवेतलं पाणी लवकर उतरतं. पावसाळाभर टाकीत राहिलं तर खाली पाण्याचा थर बसतो आणि दिवाळीत इंजिन सुरू होत नाही. जूनच्या आधी टाकी आणि पाइप रिकामे करावेत.

ठेवायची कुठे, न्यायची कशी

पुण्यातल्या सोसायटीची पार्किंगची जागा साधारण अडीच बाय पाच मीटर असते. १८ फुटी बोट ट्रेलरच्या दांडीसह सात मीटरच्या आसपास जाते, २० फुटी साडेसात-आठ. म्हणजे शहरात ठेवायचा विचार सोडून द्या. धरणाजवळच्या फार्महाउसवर किंवा ओळखीच्या शेतात शेड हवी, नाहीतर बोट क्लबशी बोलणं करावं.

२० फुटी बोट आणि ट्रेलर मिळून १,४०० किलोच्या आसपास वजन ओढावं लागतं. आपल्या गाडीला किती ओढता येतं ते तिच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, ब्रेक असलेल्या आणि नसलेल्या ट्रेलरचे आकडे वेगळे असतात. ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी लागते. अमेरिकेतल्या बहुतेक पाँटून बोटी साडेआठ फुटांपर्यंतच रुंद असतात ते तिथल्या रस्त्यांच्या नियमामुळे. तेवढी रुंदी घेऊन रविवारी सकाळी खडकवासल्याच्या चौपाटीवरून पानशेतकडे जाणं म्हणजे तासन्‌तास अडकणं. ८ फुटी रुंदीची बोट घ्यावी आणि शनिवारी रात्री किंवा पहाटे पाचच्या आत तो पट्टा ओलांडावा. बोट उतरवायला पक्का रॅम्प सगळीकडे मिळत नाही. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की मधे गाळाचा पट्टा पडतो, त्यात जीप रुतते. गावातला ट्रॅक्टर आधीच सांगून ठेवावा.

परवानग्या बोट घेण्याआधी. खडकवासला, पानशेत, वरसगाव, पवना या जलाशयांत स्वतःची मोटरबोट उतरवायची तर जलसंपदा विभागाकडे विचारणा करावी लागते, कारण हे पिण्याचं पाणी आहे. मुळशी धरण टाटांचं आहे. खडकवासल्याचा एनडीएकडचा (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीकडचा) काठ लष्करी हद्दीत येतो. इंजिनवर चालणाऱ्या बोटीला अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ लागू होतो. नोंदणी आणि तपासणीसाठी महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडे जावं लागतं. लेखी परवानगी हातात येईपर्यंत बोटीचा आगाऊ पैसा देऊ नका.

भाड्याची बोट असेल तर

काठावर उभं राहून पाच मिनिटं बघा. रिकामी बोट दोन्ही बाजूंना सारखी तरंगते का? एक बाजू दोन बोटं खाली असेल तर त्या ट्यूबमध्ये पाणी शिरलेलं असण्याची शक्यता मोठी. ट्यूबवर शेवाळाची रेषा कुठे आहे ते बघा. ती मध्याच्या बरीच वर असेल तर ही बोट रोज जास्त माणसं भरून चालते. क्षमतेचा आकडा बोटीवर लिहिलेला असावा. आमचा सल्ला, त्याच्या दोन-तृतीयांश माणसांनीच बसावं. बारा लिहिलं असेल तर आठ. लहान मुलंही माणसांतच मोजावीत.

लाइफ जॅकेट माणशी एक, आणि मुलांना मुलांच्याच मापाचं. माप वयावर नसतं, वजनावर असतं आणि ते जॅकेटच्या आत लिहिलेलं असतं. जॅकेट घालून सगळे पट्टे आवळा आणि खांद्याला धरून मुलाला वर उचला. जॅकेट हनुवटीपर्यंत किंवा कानांपर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, पाण्यात त्यातून मूल निसटेल. लहान मुलांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा हवाच. पोहता न येणाऱ्यांसाठी १०० न्यूटन उचलीचं कॉलरवालं जॅकेट घ्यावं. ५० न्यूटनचं पोहणाऱ्यांना आधार म्हणून असतं, ते बेशुद्ध माणसाचं तोंड पाण्याबाहेर ठेवत नाही.

आणि पुढचं दार. बोट चालू असताना रेलिंगच्या बाहेर, पुढच्या कडेवर पाय सोडून बसणं हा पाँटून बोटीवरचा सगळ्यात घातक प्रकार आहे. तिथून पडलेला माणूस दोन ट्यूबच्या मधून थेट पंख्याकडे जातो, चालवणाऱ्याला तो दिसतही नाही. इंजिन सुरू व्हायच्या आधी सगळी दारं बंद, आणि बोट थांबून इंजिन बंद होईपर्यंत ती उघडायची नाहीत. चालवणाऱ्याने इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला अडकवलेली असावी. तो "काही होत नाही" म्हणाला तर दुसरी बोट घ्या.

शेगडी, स्टोव्ह, सिगरेट काहीही नको, पेट्रोलची टाकी त्याच डेकवर असते. खायला थालीपीठ, दशम्या, चटणी, दहीभात असं डब्यातलं न्यावं. उष्टं, कागद, डायपर सगळं पिशवीत परत आणावं. हेच पाणी पुण्याच्या नळाला येतं.

जुनी बोट घेताना

डेकवरचं कार्पेट कोपऱ्यात उचलून स्क्रू ड्रायव्हरचं टोक प्लायवूडमध्ये दाबा. विशेषतः स्टिअरिंगच्या खांबाजवळ, दारांच्या चौकटीपाशी आणि मागे इंजिनाजवळ. टोक सहज आत गेलं तर डेक कुजला आहे आणि तो पूर्ण बदलावा लागेल. ट्यूबच्या आत दोन-तीन बंद कप्पे असतात, एकाला भोक पडलं तरी बाकीचे बोट तोलून धरतात. प्रत्येक कप्प्याची वेगळी तपासणी करा: हातपंपाने २ ते ३ पीएसआय इतकीच हवा भरा आणि वेल्डिंगवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तिथे गळती. गाडीच्या टायरचा कॉम्प्रेसर लावू नका, एवढ्या मोठ्या ट्यूबला थोडासा जास्त दाबही फाडू शकतो. ॲल्युमिनियमला लोखंडी बोल्ट लावून कोणी दुरुस्ती केली असेल तर त्याच्याभोवती पांढरी भुकटी दिसते, तिथे धातू खाल्ला जातोय. बोटीच्या धातूऐवजी स्वतः झिजणारे जस्ताचे संरक्षक तुकडे गोड्या पाण्यात नीट काम करत नाहीत, मॅग्नेशियमचे किंवा ॲल्युमिनियमचे लागतात.

पैसे देण्याआधी पाण्यावर चाचणी घ्या आणि ती भरल्या वजनाने घ्या. माणसं नसतील तर २० लिटरचे पाण्याचे कॅन भरा, चार कॅन म्हणजे एक माणूस. सात माणसांना अठ्ठावीस कॅन झाले. आधी सारखे मांडून ट्यूबवर पाणी कुठवर येतं तिथे खडूने खूण करा. मग सगळे एका बाजूला सरकवा आणि पुन्हा खूण करा. दुसऱ्या खुणेच्या वर ट्यूबचा चौथा हिस्सा तरी कोरडा राहिला पाहिजे. त्यानंतर कॅन पुन्हा मधोमध आणून वाऱ्याच्या विरुद्ध अर्धा किलोमीटर जा, परत या, आणि घरातल्या ज्या माणसाने बोट चालवायची आहे त्याच्याच हाताने ती काठाला लावून बघा. त्याला तिसऱ्या खेपेपर्यंतही जमलं नाही तर दोन फूट लहान बोट बघायला घ्या.